दहापैकी किती, कुमुदमावशी?

१३ जानेवारी, मंगळवार. तुझ्या तळघरातली नाटकाची ट्रंक रिकामी करते आहे.

मराठी मंडळाचा निरोप आला, संक्रांतीच्या कार्यक्रमात कुणीतरी एकपात्री करणार आहे आणि तिला हिरवी नऊवारी हवी आहे. तू जाऊन पुरते दोन आठवडे झाले नाहीत, तरी मला राग आला नाही. साडी मंडळाचीच आहे. तू ती एका नाटकासाठी नेलीस आणि परत द्यायची म्हटलं की "अजून भूमिकेतून बाहेर आले नाही" असं सांगत राहिलीस. तुझा अभय सिॲटलला परत गेला, घराचं काय ते तो मार्चमध्ये येऊन बघणार आहे. तोवर किल्ली माझ्याकडे, म्हणजे ट्रंकही माझ्याकडे. सख्ख्या मावशीचं एवढं करावंच लागतं.

आत्तापर्यंत निघालं ते असं: तीन टोप, एक पोलिसाची टोपी, वाकलेली तलवार, कुणाची तरी अर्धी दाढी. आणि अगदी तळाशी, इस्त्री करून, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळलेला हॉस्पिटलचा गाऊन. निळ्या ठिपक्यांचा, पाठीमागे नाड्या, कॉलरवर मेडिकल स्कूलचा शिक्का. हा तिथून घरी आणायची परवानगी नव्हती, हे तुलाही माहीत होतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "चुरगळलेला गाऊन घालून मला नीट आजारी पडता येत नाही."

मी ट्रंकेच्या झाकणावर बसले. बाकी कपडे पिशवीत भरून झाले आहेत. हा कुठल्या पिशवीत घालायचा ते कळेना, म्हणून हे लिहिते आहे.

माझी इरा मे महिन्यात ग्रॅज्युएट झाली, जूनमध्ये तिचे मेडिकल स्कूलचे अर्ज गेले. आता वर्षभर ती कॉलेजेस विचार करणार आणि ही बसून त्यांच्या ईमेलची वाट बघणार. मी जेवताना स्पष्ट सांगितलं की वाट बघणं हे काम नाही, पगार मिळतो ते काम. तू त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होतीस. "रंजू आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली," म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या शहाणपणाचा बोऱ्या वाजवायला लागलीस.

आधी तू नेपरव्हिलमधल्या सगळ्या मराठी डॉक्टरांना फोन केलेस. ज्यांचे नंबर नव्हते त्यांना पॉटलकच्या जेवणात हातातल्या प्लेटसकट गाठलंस. आपले डॉक्टर उदार आहेत. प्रत्येकाने इराला एकच गोष्ट देऊ केली: माझ्या मागे मागे फिर, बघ, शीक. पगाराचा विषय निघाला की त्यांना फोन यायचे. एका काकांनी तिला आठवडाभर मागे फिरवलं आणि शेवटी क्लिनिकचा प्रिंटर तिच्याकडून नीट करून घेतला. इरा घरी येऊन म्हणाली, "आई, आय लर्न्ड अ लॉट अबाउट द प्रिंटर."

मग जाहिराती. हॉस्पिटलांच्या, क्लिनिकच्या, लॅबच्या. नवख्यांसाठी जागा, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.

"मग ती पहिली दोन वर्षं लोक असतात कुठे?" इराने विचारलं.

"मंडळात," तू म्हणालीस.

मी व्यवहारी तोडगा काढला. मी नोकरी करते त्या गोदामात मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात जागा होती. नियमित वेळ, हेल्थ इन्शुरन्स, घरापासून पंधरा मिनिटं. तुला फोनवर सांगितलं तर तू हातातलं लाटणं खाली ठेवल्याचा आवाज आला. तू लाटणं ठेवलंस की काहीतरी मोठं येतं.

"रंजू, तुलाही मी तात्पुरतंच म्हणून पाठवलं होतं तिथे."

मी फोन ठेवला. खरं आहे. मी या देशात नवी होते, तू तुझा कोट माझ्या अंगावर चढवलास, बाह्या आत दुमडल्यास आणि त्या मुलाखतीला गाडीने सोडलंस. चांगलं काही मिळेपर्यंत, असं ठरलं होतं. ते चांगलं काही मी नंतर शोधलंच नाही. पण मावशी, तुला एक सांगायचं राहून गेलं. मला माझं काम आवडतं. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये, कोणता आधी, कोणता नंतर, हे जमलं की मला बरं वाटतं. तुझ्या डोक्यात मी आयुष्यभर खोक्यांत अडकलेली बिचारी होते आणि तू त्या बिचारीवर माया करत होतीस. मी ती माया घेत राहिले, कारण तिच्याबरोबर डबे यायचे.

असो. इराने माझी जागा नाकारली आणि नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. म्हाताऱ्या माणसांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भरवायचं, माणूस पलंगावर असतानाच खालची चादर बदलायची. परीक्षा प्रात्यक्षिकाची होती. सरावाला पेशंट हवा होता, आणि तुझ्या घरी पलंग होता आणि तू होतीस.

"मावशीआजी, तू फक्त झोपून राहा," इरा म्हणाली.

"भूमिका काय?"

"ऐंशी वर्षांची बाई. डावी बाजू हलत नाही."

"नाव काय तिचं? नवरा आहे का?"

"डझन्ट मॅटर, आजी."

"कसं नाही मॅटर? नवरा असेल तर मी वेगळी झोपेन."

मी खुर्चीत बसून हातात यादी घेऊन खुणा करत होते, त्यामुळे सगळं पाहिलंय. इरा चादर बदलायला वळली की तू कण्हायचीस. ती भरवायला लागली की तू ठसका लावायचीस. डाव्या बाजूने लुळी पडलेली तू मध्येच डाव्या हाताने कपाळावरचे केस मागे सारायचीस, आणि मी ओरडले की म्हणायचीस, "झटका सौम्य होता." दोनदा तर तू चक्क मेलीस. स्क्रिप्टमध्ये मरण नव्हतं. मंडळाच्या प्रत्येक नाटकात तू पदरची वाक्यं घालायचीस आणि समोरचा नट पुढचं विसरायचा, तेच तू त्या पोरीचं केलंस. आणि तिसऱ्यांदा, ठार बेशुद्ध असताना, डोळे मिटलेले, जीभ एका बाजूला, अशा अवस्थेतून एकदम आवाज आला: "हात धुतलेस का गं?"

तिने धुतले नव्हते. खऱ्या परीक्षेत त्यावर नापास करतात. ती पास झाली, आणि घरी येऊन म्हणाली की पलंगापाशी गेले की मला आजीचाच आवाज ऐकू येतो. आम्ही तेव्हा हसलो होतो.

पास झाली तरी नोकरी नव्हती. म्हणून ती जुलैत शिकागोच्या एका मेडिकल स्कूलमध्ये ऑफिसच्या जागेसाठी मुलाखतीला गेली. तिथल्या विद्यार्थ्यांना तपासायच्या सरावासाठी खोटे पेशंट ठेवतात, त्यांची वेळापत्रकं सांभाळायचं काम होतं. तू बरोबर निघालीस, कारण पुढे डेव्हनच्या देशी बाजारात जाऊन अळूची पानं घ्यायची होती. इरा आत गेली. तू बाहेर बसलीस. एसी जोरात होता, तू शाल डोक्यावरून घेतलीस आणि भिंतीवरचे कागद वाचायला लागलीस. त्यातला एक कागद साठीच्या पुढची माणसं हवीत असं सांगत होता. आतून समन्वयक बाई आल्या आणि शालीतल्या तुला पाहून काळजीने म्हणाल्या, "मॅम, आर यू फीलिंग ऑल राइट?"

तू शाल बाजूला केलीस आणि विचारलंस, "व्हिच डिसीज डू यू वॉन्ट?"

इराला त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं, आणि कधीच कळवलं नाही. तुला त्याच दिवशी कागद भरायला बसवलं. गाडीत तू मांडीवर अळू घेऊन मला फोन लावलास: "रंजू, मला मेडिकलला घेतलं."

आपल्या घरातून मेडिकल स्कूलमध्ये पहिला प्रवेश तुझा. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पगारासकट.

मग तुझा पहिला दिवस. तो तू स्वतः आम्हाला इतक्या वेळा करून दाखवलास की मला तोंडपाठ आहे. भूमिका: पोटात दुखतंय, तीन दिवसांपासून, दहापैकी सात. एक मुलगा आत आला. घाबरलेला, ओठ सुकलेले, शर्टाची एक बाजू बाहेर. त्याने विचारलं, आज काय त्रास होतोय? आणि तू, जिने आठवडाभर आरशासमोर विव्हळायचा सराव केला होता, म्हणालीस, "नथिंग, नथिंग. यू एट समथिंग?"

कारण परकं पोर दारात उभं आहे, चेहरा उतरलाय. आधी त्याचं बघायचं, आपलं पोट काय पळून जातंय? तो म्हणाला सकाळपासून खाल्लं नाही. तू म्हणालीस, मग आधी खाऊन ये. त्याने कागदावर लिहिलं, पेशंटला काहीही दुखत नाही, आणि तो खरोखर खाऊन यायला गेला.

समन्वयक बाईंनी तुला बसवून समजावलं. त्यानंतर तू सुधारलीस. विचारलं की आकडा. सात. आठ. एकदा साडेआठ, त्यावरून वाद झाला. पण तुझं म्हणणं तू सोडलं नाहीस. "खरं दुखत असलं की आपल्यातली कुठली बाई सात म्हणते गं? काही नाही म्हणते. त्या पोरांना काही नाही म्हणणारी बाई तपासता आली पाहिजे." तू इतकी मागे लागलीस की त्यांनी तशी एक भूमिका तयार केली. पेशंट काहीच सांगत नाही, आणि आपण बसून काढून घ्यायचं. विद्यार्थ्यांना ती अजिबात आवडायची नाही. तुला तिचा कोण अभिमान! इराला तू फोनवर गुपित फोडलंस: "उभं राहून विचारलं तर मी कुणाला काही सांगत नाही. खुर्ची ओढून बसायचं. आधी जेवलात का विचारायचं. मग बघ कशी घडाघडा बोलते."

इराला सप्टेंबरमध्ये वृद्धांच्या एका केअर सेंटरमध्ये नोकरी लागली. पहाटेची पाळी. पहिल्या पगाराचे तिने तुझ्यासाठी लोकरी मोजे आणले आणि माझ्यासाठी काही नाही. त्याच महिन्यात कॉलेजांचे नकार यायला लागले. ती बाथरूममध्ये वाचायची आणि नळ सोडून ठेवायची. तू पाण्याच्या आवाजावरून सांगायचीस, कुठल्या दर्जाचं कॉलेज होतं ते.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. माझ्या स्वयंपाकघरात तू चकल्या तळत होतीस, मी सोऱ्या फिरवत होते. तू स्टुलावर टेकलीस, उजव्या कुशीवर हात ठेवलास. मी म्हणाले, "आज कुठली भूमिका?" तू हसलीस. तेवढ्यात इरा पाळी संपवून आली, बूटही काढले नव्हते.

"आजी, काय होतंय?"

"काही नाही."

"दहापैकी किती?"

"काही नाही गं. तू जेवलीस का?"

इराने गॅस बंद केला. कढईत चकल्या अर्ध्या तळलेल्या होत्या. मी ओरडले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खुर्ची ओढली, तुझ्यासमोर बसली, तुझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हो, जेवले. आता तू सांग." मग माझ्याकडे वळून: "आई, शी इज नॉट गिव्हिंग मी अ नंबर. ती ॲक्टिंग करते तेव्हा नंबर देते."

पुढचं तुला माहीत आहे. इमर्जन्सीत जाईपर्यंत गाडीत तू तिला लेन बदलायला शिकवत होतीस. काय निघालं, कुठवर पसरलं होतं, ते मी इथे लिहीत नाही, तुला ती बातमी कधीच आवडली नव्हती. तिने ओळखलं म्हणून तुला दिवाळी, थँक्सगिव्हिंग आणि नाताळ मिळाले, आणि शेवटपर्यंत दुखणं आटोक्यात राहिलं. एवढं पुष्कळ झालं. मी इराला अजून तसं म्हटलेलं नाही. तिला कळलं असेल असं धरून चालले आहे.

आता आपलं भांडण. तू पलंगावर, आता खरी पेशंट, तेच पायमोजे घालून. डिसेंबरात इराला एका कॉलेजकडून मुलाखतीचं बोलावणं आलं. एकच. तू उशीला टेकून बसलीस आणि कामाला लागलीस.

"त्यांना माझं सांग. चकल्यांचं सांग. आणि थोडी थांब, मी गेल्यावर सांग. परिणाम जास्त होतो."

"मावशी, असला व्यापार आपल्या घरात चालणार नाही," मी म्हणाले.

"रंजू, तू गोदामातली बाई. माल फुकट घालवू नये हे तुला कळायला हवं."

"तू माल नाहीस."

"नाहीतर काय? चांगलं मरण आहे. शेवटचं वाक्यसुद्धा ठरवलंय मी."

मी खोलीबाहेर गेले आणि भांडी घासली. स्वच्छ होती. नंतर रोज तो वाद झाला. तू म्हणायचीस, पोरीला डॉक्टर व्हायचंय, तिच्या हातात आहे ते वापरू दे. मी म्हणायचे, माणूस गेल्याचं भांडवल करून मिळालेली सीट नको. इरा दोघींच्या मध्ये तुझ्या टाचांना मलम लावत बसायची. शेवटी तू झोपेतच गेलीस, दुपारी, ठरवलेलं वाक्य न बोलता. वादाचा निकाल लागला नाही. तुझ्यासारख्या बाईने असं पडदा न पाडता निघून जावं, याचा मला अजूनही राग येतो.

मुलाखत उद्या आहे. दहा वाजता, व्हिडिओवर, आमच्या जेवणाच्या टेबलावरून.

मघाशी इरा मला न्यायला आली. बाहेर बर्फ पडायला लागलंय आणि संध्याकाळी मी गाडी चालवू नये असं तिने ठरवलंय. तळघरात उतरली, माझ्या मांडीवरचा गाऊन पाहिला आणि पायरीवरच बसली.

"आई, मी उद्या आजीबद्दल बोलणार आहे."

माझ्या कपाळावर आठ्या आल्या असाव्यात. "ती गेल्याचं सांगणार?"

"नाही. फर्स्ट डेचं. तो मुलगा खाऊन यायला जातो, ते."

"पण त्यात मावशीचं काम साफ फसतं."

"त्यात तो फसतो, आई. त्याने विचारलं आणि शी सेड नथिंग, आणि तो निघून गेला. मला तसं जायचं नाही, एवढंच सांगणार."

म्हणजे मावशी, वाद तूही हरलीस आणि मीही. तुझं मरण कोऱ्या मालासारखं पडून राहणार आणि तरी तू मुलाखतीत असणारच. इराने पिशव्या उचलल्या. गाऊन मी हातातच ठेवला. उद्या इस्त्री करून मेडिकल स्कूलला परत करायचा, असं ठरवलं.

बुधवार, सकाळ.

मी लवकर उठून गाऊन इस्त्री करायला घेतला. जेवणाच्या टेबलावर, जाड टॉवेल घालून. इरा खाली आली. वर कोट, खाली पायजमा, कारण कॅमेऱ्यात पाय दिसत नाहीत.

"आई, टेबल हवंय मला."

"एक बाही राहिलीय."

"मी अंघोळीला गेले तेव्हाही एक बाही राहिली होती."

मी इस्त्री फिरवत राहिले. त्या कापडावर एकही सुरकुती नव्हती, तू आधीच इस्त्री करून ठेवली होतीस. इरा माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय होतंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "तू खाल्लंस का? थालीपीठ लावलंय."

तिने इस्त्रीची वायर काढली. घड्याळाकडे पाहिलं नाही. खुर्ची ओढली, कोट सावरून माझ्यासमोर बसली आणि माझा हात हातात घेतला.

"हो, खाल्लं," ती म्हणाली. "आता तू सांग."

खाल्लं नव्हतं. थालीपीठ तसंच झाकलेलं होतं. पण मी बसले, मावशी, आणि तू नसल्याचं कसं दुखतं ते सांगितलं. पदरचं एकही वाक्य न घालता. तुला फार सपक वाटलं असतं.

मग मी गाऊन घेऊन वरच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि खाली दहा वाजले.